स्लॅब कोसळला तर आधी थांबा



उसाचे बिल जमा झाले की गावोगाव घरे, गोठे बांधायला निघतात. आमचे काम बेण्याचे आणि लागणीचे. पण शिवारफेरीत एक प्रसंग डोळ्यांदेखत घडला, म्हणून या वेळी खोडव्याचा विषय बाजूला ठेवला आहे.

एका घराचा स्लॅब भरता भरता सेंटरिंगसह खाली बसला. क्षणात वीस-पंचवीस माणसे ढिगावर चढली. आतून आवाज आला, "वरनं उतरा की, अंगावर दाब येतोय!" तेव्हा सगळे भानावर आले. गडी वाचला, पण मदतीचेच ओझे त्याच्यावर पडत होते.

हिशेब करून पाहा. १० फूट लांब, १० फूट रुंद आणि ५ इंच जाड काँक्रीटचे वजन ३ टनांच्या घरात जाते. ते हाताने उचलायचे काम नव्हे. म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. सर्वांना लांब न्यावे. उभा राहिलेला भाग मागाहून कोसळतो.

२. मेन स्विच बंद करावा. तुटलेल्या वायरला हात लावू नये.

३. ११२ आणि १०८ वर फोन करून ठिकाण सांगावे. मुकादमाच्या हजेरीवरून माणसे मोजावीत.

४. मिक्सर, ट्रॅक्टर बंद करून सर्वांनी गप्प राहावे. लांबूनच हाक मारून कानोसा घ्यावा. आवाज आलेली जागा पथकाला दाखवावी.

५. टेकू ओढू नयेत. जेसीबी घाईने ढिगात घालू नये. कडेला सहज हाती लागेल त्यालाच, तेही वर काही लोंबकळत नसेल तर, बाहेर घ्यावे.

६. कुणाचा पाय तासन् तास दबला असेल तर वजन काढताना डॉक्टर जवळ हवा. दाब सुटताच रक्तात विषारी द्रव्ये पसरून जीव धोक्यात येतो. तोवर त्याच्याशी बोलत राहावे.

२४ ऑगस्ट २०२० रोजी महाडला पाच मजली इमारत कोसळून १६ जण दगावले. तरी दुसऱ्या दिवशी चार वर्षांचा मुलगा ढिगाऱ्यातून जिवंत निघाला. म्हणून वेळ गेला तरी आशा सोडू नये.

आणि स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी टेकू स्वतः पाहावेत. भरताना खाली कुणाला, विशेषतः पोरांना, फिरकू देऊ नये. घर पुन्हा बांधता येते, माणूस नाही.