घराची दुरुस्ती आणि परवानगी

पावसाळा ओसरला की गोव्याच्या गावोगावी चिऱ्यांच्या राशी पडू लागतात. फुटकी कौले बदलणे, खचलेली मातीची भिंत चिऱ्यांनी बांधून काढणे, परसात शौचालय उभारणे, मुलाच्या लग्नापूर्वी एखादी खोली वाढविणे अशी कामे घरोघरी निघतात. "घर माझे, जागा माझी, मग परवानगी कोणाची?" असा प्रश्न अशा वेळी सहज विचारला जातो. त्याचे उत्तर ग्रामस्थांना नीट ठाऊक असावे, या हेतूने हा पाठ दिला आहे.

कायद्याची तरतूद

गोव्यातील ग्रामपंचायतींच्या हद्दीत गोवा पंचायत राज अधिनियम, १९९४ लागू आहे. त्याच्या कलम ६६ नुसार पंचायतीच्या लेखी परवानगीवाचून कोणासही नवी इमारत उभारता येत नाही. तसेच असलेल्या इमारतीत फेरबदल करता येत नाही, तिच्यात भर घालता येत नाही किंवा ती पुन्हा बांधता येत नाही. नगरपालिकांच्या क्षेत्रात १९६८ चा नगरपालिका अधिनियम व पणजी शहरात २००२ चा महानगरपालिका अधिनियम लागू होतो. रस्त्यापासून व शेजाऱ्याच्या हद्दीपासून किती जागा सोडावी, उंची किती असावी, ही मापे २०१० च्या बांधकाम विनियमांत दिलेली आहेत.

या नियमांमागील हेतू समजून घेणे आवश्यक आहे. एका घराच्या वळचणीचे पाणी दुसऱ्याच्या भिंतीत मुरते; शौचालयाचा शोषखड्डा शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी दूषित करू शकतो; पुढे आलेल्या पायऱ्या वाट अरुंद करतात. घर एकाचे असले तरी त्याचे परिणाम अनेकांना भोगावे लागतात.

दुरुस्ती कोणती, फेरबदल कोणता?

भारतीय मानक ब्यूरोच्या राष्ट्रीय इमारत संहितेत (२०१६) काही किरकोळ कामांना परवान्याची गरज नाही असे म्हटले आहे. रंगरंगोटी, गिलावा, जमिनीची फरशी बदलणे, कौले बदलणे, आतील आडभिंत घालणे, दार वा खिडकी उघडणे अथवा बुजविणे ही त्यांतील काही कामे होत. मात्र त्यामुळे इमारतीच्या मजबुतीला, अग्निसुरक्षेला किंवा इतर नियमांना बाध येता कामा नये. ही संहिता मार्गदर्शक आहे. अंतिम बंधन स्थानिक नियमांचेच असते. म्हणून लहान कामाचीही पंचायतीत आधी लेखी विचारणा करणे हिताचे ठरते.

कामाचे स्वरूप ओळखण्यासाठी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. घराचे आकारमान बदलते काय? घराच्या भिंतींवरील भार बदलतो काय? घराचा उपयोग बदलतो काय? यांपैकी एकाचेही उत्तर 'होय' असल्यास ते काम साधी दुरुस्ती राहत नाही.

उदाहरणार्थ, जुन्या आढ्या-वाशांवर त्याच उंचीला नवी मंगळुरी कौले घालणे ही दुरुस्ती होय. परंतु कौले काढून त्या जागी सिमेंटचा स्लॅब टाकणे हा फेरबदल आहे. मातीच्या भिंतींना तो भार पेलेलच असे नाही. घरापुढील सोपा भिंती घालून बंद करणे ही घरातील भर होय; त्याच सोप्यात दुकान मांडले तर उपयोगही बदलतो.

हक्क आणि परवाना

अर्जासोबत साधारणतः नमुना १ व १४ चा उतारा, भूमापनाचा नकाशा व कामाचा आराखडा लागतो. नव्या बांधकामासाठी किंवा मोठ्या वाढीसाठी नगर व ग्राम नियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचा ना-हरकत दाखला घ्यावा लागतो. घरपट्टीची पावती हा कर भरल्याचा पुरावा आहे, बांधकाम परवान्याचा नव्हे. हा गैरसमज अनेकांना पुढे महागात पडतो.

वडिलार्जित घर अनेक वारसांचे असल्यास सहमालकांची लेखी संमती आधी घ्यावी. वारसांची वाटणी झालेली नसताना एकाने केलेले बांधकाम हे पुष्कळ वेळा घरातील कलहाचे मूळ ठरते.

मुंडकारांच्या बाबतीत आणखी एक भेद ध्यानी घ्यावा. १९७५ च्या मुंडकार संरक्षण अधिनियमाने मुंडकाराला जोत्याचे क्षेत्र न वाढविता आपल्या राहत्या घराची दुरुस्ती करण्याचा हक्क दिला. हा हक्क भाटकाराच्या संदर्भातील आहे. त्यामुळे पंचायतीच्या परवानगीची आवश्यकता संपत नाही. दोन्ही बाबी स्वतंत्र आहेत.

विशेष क्षेत्रे

समुद्रकिनारा व भरतीचे पाणी येणाऱ्या नद्यांच्या काठी किनारी विनियमन क्षेत्राचे नियम लागू होतात. २०११ च्या अधिसूचनेनुसार, जेथे नव्या बांधकामास मनाई आहे तेथेही जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती करता येते. परंतु जोते व चटईक्षेत्र वाढविता येत नाही. अशा ठिकाणी किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे विचारणा करावी.

जुने गोवे येथील केंद्रसंरक्षित चर्च किंवा तांबडी सुर्ला येथील महादेव मंदिर यांसारख्या स्मारकांच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आहे. तेथे १६ जून १९९२ पूर्वीच्या घराच्या दुरुस्तीसाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. त्यापुढील २०० मीटरांतील बांधकाम व दुरुस्ती यांनाही पूर्वपरवानगी आवश्यक आहे.

अर्ज केल्यानंतर

अर्जाची तारखेसह पोच घ्यावी व ती जपून ठेवावी. पंचायतीने निर्णय कळविण्यासाठी १९९४ च्या मूळ अधिनियमात ३० दिवसांची मुदत ठेवण्यात आली. मुदतीत उत्तर न आल्यास पंचायत उपसंचालकांकडे अपील करता येते. पंचायतीचे मौन म्हणजे संमती, असे समजून काम सुरू करू नये. उलट, पंचायतीनेही लक्षात ठेवावे की, पोच न देणे व अर्ज पडून राहू देणे यांमुळेच साधी माणसे विनापरवाना बांधकामाकडे वळतात.

विनापरवाना काम थांबविण्याचा, तसेच ते पाडण्याची नोटीस देण्याचा अधिकार पंचायतीला आहे. नोटीस न पाळल्यास पंचायत ते पाडून खर्च मालकाकडून वसूल करू शकते. कर्ज काढून बांधलेली खोली अशी गेली, तर कुटुंबाची वर्षांची बचत जाते. त्या मानाने अर्जासाठी घातलेले काही दिवस फार नाहीत.

अभ्यासासाठी प्रश्न

१. आपल्या घरातील नियोजित कामास वरील तीन प्रश्न लावून पाहा. ते दुरुस्ती ठरते की फेरबदल?
२. घरपट्टीची पावती व बांधकाम परवाना यांत काय फरक आहे?
३. आपले गाव किनारी क्षेत्रात अथवा संरक्षित स्मारकाजवळ येते काय, याची माहिती पंचायतीतून मिळवा.