हाडावरील सौम्य गाठ आणि गुडघ्यामागील धमनी

मुलांच्या हाडांवरील सौम्य गाठींमध्ये ऑस्टिओकाँड्रोमा सर्वाधिक आढळतो. हाडाच्या वाढीच्या टोकाजवळ निघालेला हा उंचवटा कूर्चेच्या टोपीने झाकलेला असतो. मूल वाढते तसा तो वाढतो व शरीराची वाढ थांबली की सामान्यतः थांबतो. बहुतेकांना त्याचा त्रास नसतो. म्हणून पालकांना आपण निर्धास्त करतो. हे योग्यच; मात्र रक्तवाहिन्यांच्या बाबतीत अपवाद ध्यानी ठेवावयास हवा.

मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नडगीचे वरचे टोक ही या गाठीची नेहमीची स्थाने. तेथूनच पॉप्लिटिअल धमनी जाते. वर अ‍ॅडक्टर स्नायूच्या छिद्रापाशी व खाली सोलिअसच्या कमानीपाशी ती जखडलेली असल्याने तिला बाजूस सरकण्यास फारसा वाव नसतो. पौगंडावस्थेच्या अखेरीस कूर्चेची टोपी अस्थिमय होते, कंगोरा कठीण बनतो आणि गुडघ्याच्या प्रत्येक हालचालीसरशी धमनीची भिंत घासली जाते. ती फाटल्यास रक्त भोवताली साठून स्यूडोअ‍ॅन्युरिझम तयार होतो. क्वचित धमनी दबते, अथवा शिरेत गुठळी होते.

पेडणे वा डिचोलीच्या दवाखान्यात असा मुलगा 'फुटबॉल खेळताना मुरगळले' एवढ्याच तक्रारीने येऊ शकतो. गुडघ्यामागची सूज गळू वा सार्कोमा वाटण्याचा संभव असतो. अशा वेळी पुढील पथ्ये पाळावीत :

१. सुई वा चिरा देण्यापूर्वी सुजेवर हात ठेवून स्पंदन पाहावे व स्टेथोस्कोपने मर्मर ऐकावी. आत रक्त गोठल्यास स्पंदन जाणवत नाही, हे विसरू नये.

२. दोन्ही पावलांच्या नाडींची तुलना करावी. नाडी लागली तरी शंका सोडू नये.

३. साधा एक्स-रे व डॉपलर सोनोग्राफी करावी. पाऊल थंड, फिकट वा बधिर असल्यास तपासण्यांत वेळ न दवडता रुग्णास तातडीने बांबोळीस गोमेकॉत पाठवावे.

उपचार शस्त्रक्रियेचा : उंचवटा काढून धमनी सांधणे, गरजेनुसार रुग्णाच्याच शिरेचे ठिगळ वा कलम लावणे.

एकाच मुलास अनेक गाठी असल्यास आईवडील व भावंडेही तपासावीत. ईएक्सटी-१ व ईएक्सटी-२ या जनुकांतील दोषामुळे होणारा हा विकार पुढील पिढीत उतरण्याची शक्यता प्रत्येक अपत्यागणिक ५० टक्के असते. गुडघ्यामागे गाठ असलेल्या मुलाची तपासणी वाढ पूर्ण होईपर्यंत ठराविक काळाने करावी आणि त्यानंतर गाठ वाढू वा दुखू लागल्यास त्वरित येण्यास बजावावे. 'निरुपद्रवी' म्हणताना एवढी सूचना जोडली, तर एखादा पाय वाचेल.