लोखंडी कपाट आणि रेडिओची खरखर

प्रश्न : लोखंडी कपाटाला टेकवून ठेवलेल्या रेडिओवर एफएम केंद्र खरखरते, रेडिओ थोडा पुढे ओढला की स्वच्छ लागते. असे का होते?
– एक वाचक, अन्नपूर्णा, इंदूर

उत्तर : रेडिओलहर धातूवर आदळली की त्यातील इलेक्ट्रॉन तिच्या लयीत हलू लागतात आणि तो धातू लहर परत फेकतो. अँटेनापर्यंत मग थेट आणि परावर्तित अशा दोन लहरी पोचतात. त्या जुळल्या तर आवाज सुधारतो, उलट पडल्या तर त्या एकमेकींना खोडतात.

इंदुरात 98.3 मेगाहर्ट्‌झवर लागणाऱ्या रेडिओ मिर्चीची तरंगलांबी सुमारे 3 मीटर आहे. समोरून लहर येत असेल तर पत्र्यालगत संकेत जवळजवळ नाहीसा होतो, पाऊण मीटर पुढे तो सर्वांत प्रबळ असतो आणि दीड मीटरवर पुन्हा क्षीण होतो.

शिवाय अगदी जवळचा धातू अँटेनाची वारंवारिता ढळवतो. सुमारे दीड मीटर लांबीची सळई विशेष त्रास देते, कारण ती याच लहरींशी अनुनाद साधते.

मीडियम वेव्हची गोष्ट वेगळी. आकाशवाणी इंदूरच्या 648 किलोहर्ट्‌झची तरंगलांबी सुमारे 463 मीटर आहे. स्लॅबमधील सळयांच्या जाळीची भोके तिच्यापुढे अगदीच लहान असल्याने ती जाळी ही लहर बरीच अडवते.

उपाय सोपे आहेत. एफएमसाठी रेडिओ कपाट, फ्रिज व खिडकीच्या गजांपासून दूर ठेवावा आणि थोडा थोडा सरकवून पाहावा. मीडियम वेव्हसाठी तो खिडकीजवळ नेऊन जागच्या जागी फिरवावा, कारण त्यातील फेराइट कांडीचा अँटेना दिशेनुसार संकेत पकडतो. गच्चीवरचा अँटेना टाकी व पत्र्यांपेक्षा उंच बसवावा.