खालच्या स्वराचा तोल
(बी. ए. द्वितीय वर्ष)

आमच्या गावच्या भजनी मंडळात ढोलकी वाजविणारे काका नेहमी सांगतात, "चाट कानाला लागते, घुमारा पोटाला लागतो. दोन्हींवर सारखाच जोर लावशील, तर घुमारा कुणालाच ऐकू येणार नाही." काकांनी शाळा पाहिलेली नाही. त्यांच्या या वाक्याचा अर्थ मात्र मला कॉलेजात आल्यावर, बास गिटार हाती घेतल्यावर कळला.

जयंतीच्या कार्यक्रमांत गाणारी आमची एक पार्टी आहे. तिच्यातील बास वाजविणारा मुलगा कामाला पुण्याला गेला आणि त्याचे वाद्य माझ्याकडे आले. गेल्या १४ एप्रिलच्या कार्यक्रमात मी मोठ्या उत्साहाने वाजविले. घरी परतताना आईने विचारले, "काय म्हनत होते रे गान्यात? मले त तुयंच वाजनं आयकू आलं." जे गाणे शब्दासाठीच गायचे, त्यातला शब्दच माझ्यामुळे हरवला होता. म्हणून या विषयाचा थोडा अभ्यास केला. तोच येथे मांडतो.

विजेवर चालणारी बास गिटार अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ साली बाजारात आणून रूढ केली. तिच्या चार तारांपैकी सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. इतके खालचे स्वर आपल्या कानाला मुळातच कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये प्रयोगाने दाखविले.

हे वाद्य मुख्यतः तीन प्रकारे वाजवितात. बोटांनी छेडल्यास स्वर गोल व भरीव येतो. प्लॅस्टिकच्या पट्टीने, म्हणजे पिकने, छेडल्यास त्याची सुरुवात टोकदार होते. तिसरा प्रकार स्लॅपचा. यात अंगठ्याने तारेवर आघात करतात व दुसऱ्या बोटाने तार ओढून सोडतात. तार पडद्यांवर आपटते आणि 'खट्' असा वरच्या पट्टीचा आवाज निघतो. कान नेमका त्यालाच तिखट असतो. त्यामुळे हाताचा जोर तेवढाच असूनही स्लॅप मोठा वाटतो, बोटांचे वाजविणे दबते. काकांची चाट आणि घुमारा ते हेच!

स्लॅप रूढ करणारे लॅरी ग्रॅहम १९६० च्या दशकात आईच्या साथीला वाजवीत. सोबत ड्रम नव्हता. त्याची उणीव त्यांनी अंगठ्याने भरून काढली. आमच्या पार्टीत तर ढोलकी होतीच. मी चाटेच्याच जागेवर दुसरी चाट मारीत होतो. मग गायकाला जागा कुठे उरणार?

यावर पहिला उपाय ॲम्प्लिफायरचे बटण फिरविण्याचा सुचतो, पण तो खरा नव्हे. आवाज कानाला दुप्पट वाटण्यासाठी सुमारे दहापट शक्ती लागते. लहान ॲम्प्लिफायर तेवढ्यात फाटू लागतो. त्यापेक्षा आधी स्लॅप वाजवून, गायकाचा शब्द स्पष्ट राहील एवढाच आवाज ठेवावा आणि मग बटणाला हात लावू नये. अंगठा मनगटातून सैल सोडावा. तार ओढताना तर फारच थोडा जोर पुरतो. बोटांनी वाजविताना मात्र जोर वाढवावा आणि हात थोडा घोडीकडे सरकवावा, म्हणजे स्वर स्पष्ट होतो. पातळ तारा तरीही उसळत असतील, तर त्या बाजूचा पिकअप स्क्रूने जरा खाली घ्यावा. मोठे आघात आपोआप दाबणारे कॉम्प्रेसर नावाचे यंत्रही मिळते. पण हात बसण्याआधी ते वापरले, तर आपली चूक आपल्यालाच कळत नाही.

आणखी एक गोष्ट. या खालच्या स्वराची लाट आठ मीटरहून लांब असते. ॲम्प्लिफायरजवळ उभे राहून जे ऐकू येते, ते मंडपात मागे तसेच पोचेल असे नाही. म्हणून तालमीच्या वेळी एखाद्याला मागे बसवून त्यालाच विचारावे.

आम्ही पुढच्या तालमीला आईला बसविले. घरी जाताना ती गाण्याचे धृपद गुणगुणत होती. माझ्या वाजविण्याविषयी ती काहीच बोलली नाही.