मुख्याध्यापिका आणि गावची शाळा

सन १८४८ मध्ये पुण्यातील भिडेवाड्यात जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. तेथे शिकविण्यास निघालेल्या सावित्रीबाईंच्या अंगावर शेण फेकले गेले. तथापि १८५१ मध्ये चिपळूणकरांच्या वाड्यात निघालेल्या शाळेच्या त्याच मुख्याध्यापिका झाल्या. स्त्रीने शाळेची धुरा वाहावी ही कल्पना महाराष्ट्रास नवी नाही.

मराठवाड्यात मात्र हा प्रवाह उशिरा पोचला. सप्टेंबर १९४८ पर्यंत येथे निजामाची राजवट होती व सरकारी शिक्षणात उर्दूचे प्राबल्य होते. अशा काळात औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथे १९१५ साली सरस्वती भुवन संस्था उभी राहिली. तिची शारदा मंदिर ही मुलींची शाळा शहरात सुपरिचित आहे. मुलींच्या शाळेतील ‘मोठ्या बाई’ समाजाने स्वीकारल्या. मुलामुलींच्या एकत्र शाळेत, विशेषतः खेड्यात, प्रमुख म्हणजे ‘हेडमास्तर’ हे समीकरण कायम राहिले. ‘मास्तरीण’ हा शब्दही शिक्षिकेला लागू पडतो आणि मास्तरांच्या पत्नीलाही!

कायद्याने आता वाट मोकळी केली आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक व एकूण निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. मुख्याध्यापक समितीचा सचिव असतो. २०११ पासून राज्यातील पंचायतींमध्येही निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत.

तरीही अडचण उरते, ती वर्गाबाहेर. मुख्याध्यापकाला बांधकामाची पाहणी करावी लागते, पोषण आहाराच्या धान्याचा हिशेब ठेवावा लागतो, पंचायत समितीत खेटे घालावे लागतात. ही कामे ‘बाईमाणसाची नव्हेत’ असे म्हणत एखादा सहशिक्षक किंवा गावचा पुढारी ती परस्पर उरकतो. हेतू साहाय्याचा असला, तरी सही बाईंची आणि निर्णय दुसऱ्याचा, अशी स्थिती होते. हिशेबात चूक निघाल्यास जाब मात्र बाईंनाच द्यावा लागतो. बदलीचे दूरचे गाव आणि घरची जबाबदारी यांमुळे काही शिक्षिका पदोन्नतीच नाकारतात. मग त्यांना नेतृत्वाची हौस नाही, असा निष्कर्ष काढला जातो. तो अन्यायाचा आहे.

उपाय साधे आहेत. पदभार देताना रोकडवही, जडवस्तू नोंदवही व बांधकामाची कागदपत्रे समक्ष समजावून द्यावीत. समितीची बैठक रात्री चावडीवर न घेता दिवसा शाळेत घ्यावी. शाळेसंबंधीची विचारणा अधिकाऱ्यांनी सहशिक्षकाकडे न करता थेट मुख्याध्यापिकेकडे करावी. पदोन्नतीनंतरची नेमणूक करताना एस.टी.ची सोय पाहावी. पंचायतीतील स्त्री सभासदांनी तिच्या पाठीशी उभे राहावे. नावापुरते पद म्हणजे काय, हे त्यांच्याइतके कोण जाणते?

शाळेचा कारभार स्त्री चालविते, हे मुले रोज पाहतात. तो अधिकार खरा आहे की केवळ सहीपुरता, हेही त्यांच्या नजरेतून सुटत नाही. पाठ्यपुस्तकाबाहेरचा हा धडा त्यांनी कसा गिरवावा, हे वडीलधाऱ्यांच्या वागणुकीवर अवलंबून आहे.