बैठकीच्या आधी

नांदेड

प्रिय भाच्या,


सूनबाई उदगीरला माहेरी गेल्याचं ताईनं फोनवर सांगितलं. दोन्हीकडची वडीलधारी मंडळी पुढच्या रविवारी बैठकीला बसणार, हेही कळलं. बैठकीला माझी हरकत नाही. पैसा, दागिने, कोणी कुठं राहायचं, हे तिथं मिटतं. पण एका घरात राहून तुम्ही दोघं कामापुरतंच बोलत होतात, ते पंधरा माणसांसमोर कसं मिटणार? तिथं प्रत्येकाला आपली बाजू राखायची असते. म्हणून आधी दोघांनी समुपदेशकाकडे जा, असं मी कळकळीनं सांगते.

"मी काय वेडा आहे का? आणि नुसतं बोलून काय होतं?" असं तू ताईला म्हणालास. माझी सगळी नोकरी सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात समाजसेविका म्हणून झाली. हा प्रश्न मी तिथं रोज ऐकला आहे.

गोव्यात 'संगाथ' संस्थेनं सरकारी आरोग्य केंद्रांत एक अभ्यास केला. तो २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. नैराश्यानं चांगलेच खचलेले रुग्ण होते आणि त्यांच्याशी बोलणारे ना डॉक्टर होते ना मानसशास्त्रज्ञ, प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसं होती. सहा ते आठ भेटी ठरल्या होत्या. दिवस कसा जातो, कशानं मन आणखी बसतं, कशानं जरा उभारी येते, हे विचारायचं आणि पुढच्या भेटीपर्यंत एखादी गोष्ट ठरवून करायला लावायची. तीन महिन्यांनी त्यांच्यातले ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. ज्यांना नुसते केंद्रातले उपचार मिळाले, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होतं. बोलून काय होतं, ते हे.

आता तुझ्याविषयी. तुझ्या वडिलांचं गाव किल्लारीजवळचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात त्यांच्या घरातली माणसं ढिगाऱ्याखाली गेली. त्या भूकंपानंतर महिन्याभरात मानसोपचारतज्ज्ञांनी एका गावातल्या ४३ प्रौढांना तपासलं, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांना मानसिक आजार आढळला. गावांना नवी घरं मिळाली. भावजींनी मात्र त्या रात्रीबद्दल घरात कधी अवाक्षर काढलं नाही. त्यांना दोष देत नाही, विचारणारंच कोणी नव्हतं. पण त्रास झाला की तोंड मिटून घ्यायचं, हे तू त्यांच्याकडे बघत शिकलास असं मला वाटतं. सूनबाईला त्या गप्प राहण्यात राग दिसतो.

समुपदेशक तुला उपदेश करणार नाही. तो बारकाईनं विचारेल. समज, सूनबाई तुझं बोलणं अर्धवट टाकून मोबाइल बघत बसली. तुझ्या मनात येतं, 'हिला माझी किंमत नाही,' आणि तू दोन दिवस बोलत नाहीस. त्रास मोबाइलनं झाला की त्या वाक्यानं? अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास याच प्रश्नावर उपचारपद्धती उभी केली आणि कि. मो. फडके यांनी ती मराठी पुस्तकांतून आपल्याकडे आणली. ते वाक्य खरं आहे का, हे समुपदेशक तुलाच तपासायला लावेल. दोघं समोर असलात तर उत्तर देण्याआधी तिचं म्हणणं तुझ्या शब्दांत सांगायला लावेल. ऐकायला सोपं वाटतं, पण पहिल्यांदा भल्याभल्यांना जमत नाही. तिथंच रडू फुटतं, आणि फुटू द्यावं.

पण एक गोष्ट स्पष्ट विचारते. तू तिच्यावर हात उगारलास का? तसं असेल तर जोडीनं बसायची घाई नको. तिला घराबाहेर एकटीनं, निर्भयपणे बोलता आलं पाहिजे, आणि तुला स्वतंत्रपणे.

चार लोकांत बोभाटा होईल ही भीती सोड. मानसिक आरोग्याविषयीच्या २०१७ च्या कायद्यानं रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश असे काही अपवाद त्याला आहेत. पहिल्याच भेटीत कोण चुकलं याचा निवाडा करणारा, किंवा तिला नुसतं 'ॲडजस्ट कर' म्हणणारा समुपदेशक भेटला, तर बिनदिक्कत दुसरा शोध. डॉक्टरांनी गोळ्या लागतील म्हटलं तर त्यालाही नाही म्हणू नकोस. काही वेळा आधी झोप परत यावी लागते, मग बोलणं सुचतं. एका भेटीत काही दिसणार नाही. दोन महिने दे.

लातूरच्या शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत मानसोपचार विभाग आहे. आधी फोनवरच बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. बैठक दोन महिने पुढं ढकलायला मी ताईला सांगते, ती माझं ऐकेल. सूनबाईला फोन मात्र तूच कर. ताईकडून निरोप धाडू नकोस. आपण दोघं कोणाकडे तरी जाऊन बोलूया का, एवढंच विचार, आणि ती नाही म्हणाली तर पहिल्या भेटीला तू एकटा जा.

तुझी,
मावशी