प्रथिनांची भुकटी आणि पर्वतीची चढण

प्रथिनांची भुकटी घेतली की वजन उतरते, असे पुण्यातल्या व्यायामशाळांत नेहमी कानावर येते. हिशेबच करून पाहू या.

१ ग्रॅम प्रथिनापासून सुमारे ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, साखरेपासूनही तेवढीच! ३० ग्रॅम प्रथिनांच्या झाल्या १२०. आता ५० किलो वजनाचा मुलगा पर्वती चढतो. चढ ८० मीटर धरा. कार्य = ५० × ९.८ × ८० = ३९,२०० ज्यूल, म्हणजे अवघ्या ९.४ किलोकॅलरी. स्नायूंची कार्यक्षमता २५ टक्के मानली, तर खर्च सुमारे ३८. (उतरतानाचा खर्च सोडून देऊ.) म्हणजे एवढी भुकटी जिरवायला पर्वती तीनदा चढायला हवी!

मग त्या म्हणण्यात तथ्य नाहीच का? थोडे आहे. प्रथिने पचवण्यातच त्यांची २० ते ३० टक्के ऊर्जा खर्च होते, शिवाय पोट बराच वेळ भरलेले वाटते. तेव्हा वड्याऐवजी प्रथिने खाल्ली तर फायदा; वडा खाऊन वर भुकटी घेतली, तर भरच. आणि प्रथिने डब्यातूनच यावीत असे थोडेच आहे? ती फुटाण्यांत, उसळीत, दह्यातही असतात. शरीर कमावण्यासाठीसुद्धा अशा भुकट्या टाळाव्यात, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सांगितले आहे.